खिसे उलटे करा

खिसे उलटे करा, मी म्हणते.
दिवसातून तीसेक वेळा म्हणते.
चष्मा काढून दाखवा. बाह्या कोपरापर्यंत वर.
घड्याळ, च्युइंगगम, देवाचं चित्र, सगळं लॉकरमध्ये.

केंटकीच्या पूर्वेला, कोळशासाठी डोंगराचं डोकं उडवलं
त्या सपाटीवर आमचं केंद्र.
एका बाजूला नखं रंगवणारी,
दुसऱ्या बाजूला कराचे फॉर्म भरून देणारा.
मधे काचेआड मी.
ज्याला शिक्षक व्हायचंय त्यानं माझ्यासमोरून जायचं.

आज लोरीन टॅकेट आली. चौथ्यांदा.
खिसे उलटे केले तर खडूची भुकटी पडली.
फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही. मी पायानं सारली.

अकरा वर्षं ती सहावीला गणित शिकवतेय,
बदली शिक्षिका म्हणून, रोजावर.
माझा कोडी तिच्या वर्गात होता.
अपूर्णांक म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं, खरंखुरं.
तिनं आपल्या थर्मासचं झाकण त्याच्यापुढे ठेवलं :
तीन कप सूप आहे. झाकणात पाव कप मावतं.
किती जणांना पुरेल?
त्यानं ओतलं. बाकावर सांडलं. परत ओतलं.
बारा.
"हाच भागाकार," ती म्हणाली. "यात उलटंबिलटं काही नाही."
त्या रात्री पोरानं घरातली बादली
माझ्या कॉफीच्या मगानं मोजून काढली.

मागच्या खेपेस पार्किंगमध्ये मीच तिला विचारलं,
तुझं अडतं कुठे?
(विचारायचं नसतं. नियम सात.)
म्हणाली, पर्यायांत.
ब म्हणजे तीन छेद सात, तो डस्टी :
अंशात अंश मिळवतो, छेदात छेद.
ड म्हणजे टेरिल, त्याला उणे चिन्ह दिसतच नाही,
चष्मा हवाय त्याला, घरी सांगत नाही.
प्रत्येक चुकीच्या उत्तराआड
मला एक पोर बसलेलं दिसतं.
त्याच्याशी बोलल्याशिवाय पुढे कशी जाऊ?
आणि घड्याळ तर पुढे जातंच.

तिच्यानंतरच्या खुर्चीत प्रेस्टन ऑक्सियर, वय बावीस.
चाळीस मिनिटं राखून उठला.
कोट घालताना मी सहज विचारलं,
अपूर्णांकानं भागताना उलटा का करायचा रे?
हसला. "करायचा असतो."
मग बटण लावता लावता थांबला, कान लाल झाले.
"खरं सांगू, मला माहीत नाही.
कुणी विचारलंच नव्हतं."
वाईट मुलगा नाही तो.
शिकेल कदाचित, पोरांच्या जिवावर.

तरी ही काच फोडून टाका, असं मला म्हणता येत नाही.
आठवीला आम्हाला स्लोन सर होते.
त्यांना कसलीच परीक्षा नव्हती, तेव्हा माणसंच मिळत नव्हती.
खाणीत कुणी गेलं की सर आधी दारात,
हातात मक्याचा पाव, डोळ्यांत पाणी.
आणि फळ्यावर लिहायचे :
उणे गुणिले उणे, उणेच.
"कर्जावर कर्ज म्हणजे कर्जच, नाही का?"
किती पटायचं ते!
त्या एका वाक्यावर मी दोनदा बीजगणितात बुडाले
आणि त्यांच्या अंत्यविधीला ढसाढसा रडले.
त्यांना कुणी तरी अडवायला हवं होतं.
कुणी, आणि कोणता प्रश्न विचारून,
ते मला अजून सुचलेलं नाही.

प्रिंटर खरखरला.
निकालाचा कागद पालथा द्यायचा, असा नियम आहे.
पाहायचा नाही, हाही आहे.
दोन गुणांचा फरक.
कुठल्या बाजूनं, ते सांगायचा मला अधिकार नाही.

लोरीननं तो न उलटताच दुमडला,
थर्मासच्या पिशवीत टाकला,
लॉकरची किल्ली माझ्यापुढे सरकवली.

"कोडी कसा आहे?"

कॅमेरा माझ्यावरही असतो.
"उंच झालाय," मी म्हटलं.
"अजून सांडतो."